गोधडी नव्हे, रेनकोट!

दिवाळीच्या आसपास आपल्याकडे काय काय बाहेर निघतं? माळ्यावरचा आकाशकंदील, डांबरगोळ्यांचा वास येणारं स्वेटर, फराळाचे मोठे डबे. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत मात्र नेमकं याच सुमारास सगळं आत जातं. अंगणातल्या खुर्च्या आत, बागेतला पाइप आत, सायकली आत. आणि जी वस्तू कितीही ढकलली तरी आत मावत नाही, तिला बाहेरच नीट गुंडाळून ठेवावं लागतं. आजचा आपला विषय म्हणजे ही बाहेर राहणारी, २८ फुटी, चाकांवरची वन बीएचके. अर्थात मोटरहोम!

थांबा, पान उलटू नका! तुमच्याकडे मोटरहोम नाही हे मला माहितेय. माझ्याकडे तर स्कूटी लावायलाही हक्काची जागा नाही. पण पावसाळ्यात बाइकवर प्लॅस्टिक टाकणाऱ्या, गावच्या घराला वर्षातले अकरा महिने कुलूप लावणाऱ्या आणि नवी कार आठवडाभर झाकून ठेवणाऱ्या प्रत्येकाला या गोष्टीत काहीतरी सापडेल. प्रॉमिस!

ये घर बहुत चलता है

आधी थोडं जनरल नॉलेज. आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. त्यातली जी स्वतःच्या इंजिनावर चालते, ती मोटरहोम. तिचे तीन क्लास. बसएवढी दणदणीत ती ‘ए’, व्हॅनच्या पोटात बसवलेली ती ‘बी’ आणि ट्रकच्या केबिनवर बेडचं नाक पुढे आलेली ती ‘सी’. ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये केमिस्ट्रीचे सर आणि त्यांचा विद्यार्थी ज्या खटाऱ्यात ‘प्रॅक्टिकल’ करतात, तो क्लास ए बरं का. इंडियाना राज्यातलं एल्खार्ट हे या धंद्याचं माहेरघर, तर विनेबॅगो ही कंपनी आयोवातल्या फॉरेस्ट सिटी या छोट्याशा गावात १९५८ मध्ये सुरू झालेली. कोव्हिडच्या काळात विमानं आणि हॉटेलं नकोशी झाली आणि या गाड्यांना सोन्याचे दिवस आले. २०२१ या एका वर्षात अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाखांहून जास्त आरव्ही बाहेर पडल्या. तो विक्रमच होता.

आपणही अगदीच मागे नाही हं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्येच कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. पण आपल्या गाड्यांना भीती पावसाची. तिकडच्या गाड्यांना भीती बर्फाची.

बाथरूमचा प्रश्न

माझी मावसबहीण आणि जिजू मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतात. दोघंही आयटीवाले, एक मुलगा, एक ईएमआय. २०२३ मध्ये त्यांनी दुसरा ईएमआय लावून घेतला. सेकंडहॅण्ड, क्लास सी, २८ फूट. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडला आणि पुण्यातून प्रतिक्रिया आल्या, ‘वा! मस्त चाललंय!’ म्हणजे खरं तर, ‘काय गरज होती?’

गरज होती. ती फोटोत दिसत नव्हती, एवढंच.

काकांची, म्हणजे ताईच्या बाबांची, २०१९ मध्ये बायपास झाली. तेव्हापासून रोज लघवीची गोळी. दर तासा-दीड तासाने बाथरूम लागणार म्हणजे लागणारच. त्यानंतरच्या अमेरिका ट्रिपमध्ये ताईने त्यांना कारने साउथ डकोटाला नेलं, माउंट रशमोअर बघायला. त्या दिवशी काकांनी सकाळपासून पाणीच प्यायलं नाही. जावयाला सारखी गाडी थांबवायला सांगायची कशी, या संकोचापायी. दुपारी चक्कर आली तेव्हा मावशीने सांगितलं, की त्यांनी सकाळची गोळीही चुकवली होती. मुद्दाम! तिथपासून परत येताना काका म्हणाले, ‘पुढच्या वेळी तुम्ही जा, मी घरीच बसतो.’

ताईने तेव्हाच ठरवलं, की आता बाथरूम सोबत घेऊनच जायचं. हा लक्झरीचा मामला नाही. एका शहात्तर वर्षांच्या माणसाने कोणाला न विचारता चार पावलं चालून दार लावून घ्यावं, इतका साधा हिशोब आहे. २०२५ च्या जूनमध्ये आई-बाबांना घेऊन यलोस्टोन गाठायचं होतं. १८७२ मध्ये जाहीर झालेलं हे जगातलं पहिलं नॅशनल पार्क, आणि मिनियापोलिसपासून अंतर सुमारे सोळाशे किलोमीटर.

मध्ये फक्त एक हिवाळा होता.

पहिल्या वर्षी त्यांनी गाडी पैसे भरून बंद गोदामात ठेवली होती. ते दुसऱ्या वर्षी परवडणारं नव्हतं. मग ठरलं, गॅरेजच्या शेजारी कॉंक्रिटवर उभी करायची आणि कव्हर घालायचं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मी तिकडे होते. ‘फ्रीलान्सर आहेस ना, मग वेळच वेळ आहे तुला,’ या कौटुंबिक गैरसमजामुळे शिडी धरायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

कव्हर नेमकं कशासाठी?

पहिला गैरसमज आधी काढून टाकू. मोटरहोमचं कव्हर ही गोधडी नाही. त्याने गाडी गरम राहत नाही. मिनियापोलिसमध्ये जानेवारीतल्या रात्रीचं सरासरी तापमान उणे १३ अंशांच्या आसपास असतं, आणि ३० जानेवारी २०१९ ला ते उणे ३३ पर्यंत गेलं होतं. बाहेर उणे ३३ असेल तर कव्हरच्या आतही थोड्या वेळाने तेच होणार. अंगात ऊबच नसेल तर गोधडी काय राखणार?

कव्हर म्हणजे रेनकोट. त्याची कामं तीन. पहिलं, छतावर पाणी साचू न देणं. दुसरं, ऊन अडवणं. बर्फावरून परावर्तित होणारं ऊन धरलं तर हिवाळ्यातही अल्ट्राव्हायोलेट किरणांचा मारा असतो आणि त्याने रबर, प्लॅस्टिक, स्टिकर सगळं झिजतं. तिसरं, पानं, काटक्या आणि पक्ष्यांचा ‘प्रसाद’ दूर ठेवणं.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं पाणी. पुष्कळशा मोटरहोमचं छत म्हणजे लाकडी फळ्यांवर ताणून चिकटवलेलं रबराचं किंवा प्लॅस्टिकचं कातडं. त्यात एसी, व्हेंट, अँटेना, काचेची खिडकी यांच्यासाठी भोकं पाडलेली. प्रत्येक भोकाच्या कडेने सीलंटची रेघ. त्या रेघेला केसाएवढी चीर गेली की पाणी शिरतं. रात्री त्याचा बर्फ होतो, आणि पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. म्हणजे केसाएवढी चीर थोडी रुंद होते. दिवसा वितळतं, आणखी आत जातं, रात्री पुन्हा फुगतं. असं महिनोन्महिने. वसंतात दार उघडावं तर कोपऱ्यात कुबट वास, भिंत दाबली तर बोट आत! कुजलेल्या छताची आणि भिंतीची दुरुस्ती एवढी महाग पडते, की जुनी गाडी असेल तर लोक ती सरळ भंगारात काढतात.

ताईच्या गाडीच्या बाबतीत भंगारात काय गेलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

निळ्या ताडपत्रीची गोष्ट

जिजू मूळचे गिरगावातल्या चाळीतले. मे महिना संपत आला की छपरावर निळी ताडपत्री चढणार, चार विटा आणि नायलॉनची दोरी, झालं काम! त्यामुळे कव्हरच्या किमती बघून त्यांचा पहिला प्रश्न अगदी सहज आला. ‘एवढे कशाला घालवायचे? हार्डवेअरच्या दुकानात ताडपत्री मिळते की.’

आणि खरंच, किमतीतला फरक डोळ्यांत भरणारा आहे. मोटरहोमची तयार कव्हरं आकार आणि कापड यांप्रमाणे साधारण २०० ते १००० डॉलरपर्यंत जातात. ताडपत्री त्याच्या एका तुकड्यात येते.

पण शेजारी एक रिटायर्ड गृहस्थ राहतात, ज्यांनी आयुष्यातले कितीतरी हिवाळे आरव्ही झाकण्यात घालवलेत. त्यांनी जिजूंना एका वाक्यात समजावलं, की ताडपत्री पाणी आत येऊ देत नाही आणि बाहेरही जाऊ देत नाही. चाळीत हे चालतं, कारण चाळीला खिडक्या आहेत, माणसं आहेत, हवा खेळती आहे. बंद गाडीभोवती मात्र प्लॅस्टिक आवळलं तर गाडीला घाम फुटतो. दिवसा ऊन लागून आतली ओल वाफ होऊन वर येते, रात्री प्लॅस्टिकला आतून दवासारखी चिकटते आणि पुन्हा छतावर टपकते. म्हणजे बाहेर टिपूस नसतानाही आतल्या आत पावसाळा! कोकणातल्या बंद घरात गाद्यांना बुरशी येते ना, तस्सं.

दुसरी भानगड वाऱ्याची. ताडपत्री गाडीच्या मापाची नसते, त्यामुळे ती फडफडते. फडफडणारं प्लॅस्टिक रंगावर रात्रंदिवस घासत राहतं, आणि दोरीची कडी जिथे आपटते तिथला रंग उडतो.

म्हणून आरव्हीच्या कव्हरचं कापड ‘श्वास घेणारं’ असतं. नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलिनचे थर, किंवा खास विणीचं पॉलिएस्टर. पाण्याचा थेंब बाहेर थोपवायचा पण वाफेला वाट द्यायची, हा त्याचा फंडा. बऱ्याच कव्हरांत छताचा भाग जाड आणि बाजूचा हलका असतो, शिवाय वारा पास व्हायला वरच्या बाजूला जाळीच्या खिडक्या. जिजूंनी हे सगळं ऐकलं, रात्रभर रिव्ह्यू वाचले आणि सकाळी ऑर्डर टाकली. चाळीचा संस्कार मात्र सुटला नाही. ताडपत्रीही आणलीच, ‘बार्बेक्यूवर घालायला’!

माप घेताना

ब्लाउज शिवताना टेलर जसं ‘मागच्या वेळचंच माप ना?’ विचारतो, तसं इथे चालत नाही. कंपनीच्या कागदावर २८ फूट लिहिलं म्हणजे गाडी २८ फूटच असते असं नाही. पुढच्या बंपरपासून मागच्या टोकापर्यंत, शिडी आणि स्टेपनी धरून मोजायचं. उंची मोजताना एसी विसरायचा नाही. आणि क्लास सीला क्लास सीचंच कव्हर हवं, कारण केबिनवरचं ते पुढे आलेलं नाक बाकी कोणात बसत नाही. छोटं घेतलं तर शिवण उसवते, फार मोठं घेतलं तर ते शिडासारखं फुगतं. इथे थोडं ढगळच बरं, पण ढगळपणा आवळायला पट्ट्या हव्यात.

आधी आंघोळ, मग कपडे

कव्हर घालायला तासभर लागतो. त्याच्या आधीच्या तयारीला मात्र आख्खा वीकेण्ड!

सगळ्यात आधी पाणी. ताजं पाणी, सांडपाणी आणि (नाक दाबून) संडासाची टाकी, तिन्ही रिकाम्या. गीझर बंद करून पूर्ण थंड होऊ द्यायचा आणि मगच त्याचा बूच काढायचा. त्यानंतर पाइपांतून फिरवायचं गुलाबी रंगाचं आरव्ही अँटीफ्रीझ, साधारण दोन-तीन गॅलन. प्रत्येक नळ उघडायचा, गुलाबी धार दिसली की बंद. शॉवर, फ्लश आणि सिंकखालच्या वाकड्या नळीतही थोडं ओतायचं. कारच्या रेडिएटरमधलं अँटीफ्रीझ इथे अजिबात चालत नाही. ते सहसा एथिलिन ग्लायकॉलचं असतं, म्हणजे विष. गुलाबी असतं ते पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी बनवलेलं, प्रॉपिलिन ग्लायकॉलचं. ज्या नळातून पुढच्या जूनमध्ये काका गोळी घेण्यासाठी पाणी घेणार, त्या नळाचा प्रश्न आहे हा.

मग इंधन. टाकी फुल, त्यात स्टॅबिलायझर, आणि ते सगळीकडे पोचावं म्हणून इंजिन आणि जनरेटर थोडा वेळ चालू. प्रोपेनचा सिलिंडर बंद. बॅटरी पूर्ण चार्ज करून तारा काढून ठेवायच्या, किंवा बॅटरीच घरात आणायची. लेड-अॅसिड बॅटरी डाउन झालेली असेल तर शून्याच्या खाली काही अंशांतच गोठू शकते, फुल चार्ज असेल तर मिनेसोटाची थंडीही पचवते. लिथियम बॅटरीचं उलटं पथ्य, तिला शून्याखाली असताना चार्जिंगला लावायचं नाही.

मग खाणं. मॅगीचं पाकीट, साखरेचा डबा, फोडणीच्या मोहऱ्या, सगळं बाहेर! उंदराला बर्फात बंद, कोरडी, चविष्ट गाडी म्हणजे फाइव्ह स्टार रिसॉर्ट. खालून पाइप आणि वायरी जिथे आत शिरतात, तिथल्या फटींत स्टीलची घासणी कोंबायची. फ्रीजचं दार उघडं ठेवून फटीत टॉवेल अडकवायचा. आत ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या दोन बादल्या. टायरांत हवा आणि खाली लाकडी फळ्या.

आणि शेवटी आंघोळ. गाडी धुऊन पूर्ण वाळवायची. का? कारण कव्हरच्या आत राहिलेली धूळ म्हणजे सॅण्डपेपर. ओली गाडी झाकली तर काय होतं, ते वर आलंच आहे. वाळल्यावर छतावरच्या सीलंटची प्रत्येक रेघ तपासायची. ताईला मागच्या व्हेंटपाशी एक चीर सापडली. बोटाच्या पेरापेक्षाही लहान. तिने जुनं खरवडून नवं सीलंट भरलं. हे काम ऑक्टोबरमध्येच का, तर फार थंडीत सीलंट नीट पसरत नाही आणि धरत नाही.

कोपरे, टोकं आणि टेनिस बॉल

कव्हर फाटतं ते वादळामुळे नाही, गाडीच्या टोकांमुळे. पन्हाळीची चोच, अँटेना, शिडीची वरची दोन टोकं, आरसे, एसीचे कोपरे. वारा कव्हर हलवतो आणि टोक ते हळूहळू कापतं. पन्हाळीच्या चोचीला टेनिस बॉल कापून टोपीसारखा बसवायचा. शिडीला पोहायच्या तलावात मिळतात त्या फोमच्या लांब नळ्या. आरशांना जुने टॉवेल. मावशीने भारतातून येताना पाठवलेल्या दोन सुती साड्यांच्या जुन्या पिशव्या एसीच्या कोपऱ्यांना बांधल्या गेल्या. अमेरिकन तंत्रज्ञान, मराठी पॅडिंग!

आणि आता, चढाई

दिवस निवडायचा कोरडा, बिनवाऱ्याचा. झुळूक असली तरी पुरे, एवढं मोठं कापड तुम्हाला पतंगासारखं ओढतं. माणसं किमान दोन, तीन असतील तर उत्तम. कव्हर आधी जमिनीवर पसरून पुढचं-मागचं ओळखायचं (पट्टीवर लिहिलेलं असतं), दोन्ही बाजू मध्याकडे दुमडायच्या आणि मागच्या टोकापासून पुढे अंथरुणाची वळकटी करतात तशी गुंडाळी करायची.

जिजू वर, ताई पुढे, मी शिडीपाशी. छतावर उभं राहायचं नाही. गुडघ्यांवर, आणि गुडघ्याखाली प्लायवूडचा तुकडा, म्हणजे वजन एका जागी येत नाही. गाडीचं छत चालायला बनवलेलं आहे की नाही, ते मॅन्युअलमध्ये आधी बघायचं. नसेल तर शिडीवरूनच आणि लांब काठीनेच काम करायचं. ओल्या छतावर तर कधीच नाही.

कव्हरची गुंडाळी दोरीने वर ओढली. पुढचं टोक ताईकडे सोडलं, तिने ते केबिनच्या नाकावरून खाली घेतलं आणि बंपरखाली इलॅस्टिक अडकवलं. मग जिजू गुंडाळी उलगडत मागे मागे सरकत आले. ‘अहो, मागे शिडी आहे, बघा!’ ताई. ‘दिसतेय गं!’ जिजू. मागचं टोक सोडलं, बाजू पडद्यांसारख्या खाली पडल्या आणि झिपा लावल्या. दारापाशी झिप असलेलं कव्हर घ्यावं, म्हणजे मधेच आत डोकावता येतं.

शेवटी पट्ट्या. त्या गाडीच्या पोटाखालून पलीकडे न्यायच्या असतात. त्यासाठी गाडीखाली झोपायची गरज नाही. पट्टीच्या टोकाला वजनाची छोटी पिशवी बांधायची आणि पलीकडे सरकवायची. विटी-दांडू खेळलेल्या माणसाला हे पहिल्या फटक्यात जमतं. पट्टी किती आवळायची? कव्हर फडफडू नये इतकी, शिवणीवर ताण दिसू नये इतकी.

आणि सगळ्यात मोठा नियम. कव्हर घातलेलं असताना इंजिन, जनरेटर, हीटर, काहीही चालू करायचं नाही. धूर बाहेर जाऊ शकत नाही, कार्बन मोनॉक्साइड आत साचतो, आणि तो ना दिसतो ना वास येतो. आग लागायचा धोका वेगळाच. ताईने स्टिअरिंगला चिठ्ठीच अडकवली, ‘आधी कव्हर काढ!’

सहा महिन्यांचा नवस

घातलं आणि विसरलं, असं नसतं. बर्फाचं गणित बघा. साडेआठ मीटर लांब आणि सुमारे अडीच मीटर रुंद छत म्हणजे वीस चौरस मीटरच्या वर. त्यावर फूटभर ताजा, भुसभुशीत बर्फ साचला तर वजन सहाशे किलोंच्या घरात. म्हणजे छतावर एक मारुती ८०० पार्क केल्यासारखं! ओला, दबलेला बर्फ असेल तर तिप्पटही होतं. त्यामुळे मोठ्या बर्फवृष्टीनंतर मऊ ब्रशच्या लांब दांड्याने, जमिनीवर उभं राहून तो ओढून काढायचा. फावडं नाही, कापड फाटतं. गोठून चिकटलेला बर्फ ओरबाडायचा नाही, वितळायची वाट बघायची.

हिवाळाभर रविवारी सकाळी जिजूंची फेरी ठरलेली. पट्ट्या सैल झाल्यात का, एखादं टोक वर आलंय का, उंदराच्या पावलांचे ठसे गाडीकडे जातायत का. फेब्रुवारीत मागच्या शिडीपाशी वीतभर फाटलं. फोमची नळी घसरली होती. कव्हरसोबत आलेल्या चिकट ठिगळाने त्याच दिवशी बुजवलं. तिकडे पुण्यात काका फोनवर विचारत, ‘गाडी बरी आहे ना?’ कार्डिओलॉजिस्टकडे स्वतःच्या तब्येतीची एवढी चौकशी त्यांनी केली नसेल.

एप्रिलच्या शेवटी कव्हर निघालं. ताईने दार उघडलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे वास घेतला. काही नाही. कपाटं, गाद्यांची खालची बाजू, मागच्या व्हेंटखालचा कोपरा. सगळं कोरडं. तिने तो कोरडा कोपरा फोटो काढून ग्रुपवर टाकला. कोणाला काही कळलं नाही. फक्त काकांचा अंगठा आला.

जूनमध्ये ते सगळे यलोस्टोनला जाऊन आले. ओल्ड फेथफुलचं कारंजं उडतानाचे चिकार फोटो आले. मावशीने मला मात्र वेगळीच गोष्ट सांगितली. ‘अगं, ह्यांनी रोज तीन बाटल्या पाणी प्यायलं.’

कव्हर घेताय? हे लक्षात ठेवा

तुमची गाडी दोन चाकांची असो की सहा, ही पथ्यं सगळीकडे लागू.

• ओल्या आणि मळक्या गाडीवर कव्हर नको. आधी धुवा, पुसा, वाळवा.

• गरम इंजिन आणि सायलेन्सरवर लगेच कव्हर टाकू नका. कापड वितळतं.

• प्लॅस्टिकची ताडपत्री चार दिवसांपुरती ठीक. महिनोन्महिने ठेवायचं असेल तर श्वास घेणारं कापड घ्या.

• हॅण्डल, आरसे, नंबरप्लेटचे कोपरे यांना आधी जुनं कापड बांधा.

• पट्टी किंवा इलॅस्टिक नसलेलं कव्हर म्हणजे पहिल्या वळवाच्या पावसात शेजाऱ्यांच्या गॅलरीत.

• पावसाळ्यात ऊन पडलं की कव्हर काढून गाडीला तासभर हवा द्या.

आपण वस्तू घेताना जेवढा विचार करतो, त्याच्या निम्माही ती ठेवताना करत नाही. शोरूममध्ये पेढे वाटतो, आणि नंतर पार्किंगमध्ये धूळ खाऊ देतो. खरं तर गाडी असो वा गावचं घर, आपण वापरत नसतो त्या महिन्यांतच त्यांचं आयुष्य ठरत असतं. तेव्हा या वीकेण्डला मॉलला जायच्या आधी खाली पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. आणि हो, कव्हर उचलून आतही बघा. तिथे मांजरीने बाळंतपण उरकलेलं असेल तर मात्र आणखी महिनाभर बसने जा!